लहानपणाची थिअरी, आणि त्यातलं खरं मूल

ओरल, अ‍ॅनल, फॅलिक, लेटन्सी, जेनायटल. मुलाचं मन कसं वाढतं याच्या सिग्मंड फ्रॉइडने सांगितलेल्या या पाच पायऱ्या: तोंडाची, गुदाची, लिंगाची, मधल्या शांत काळाची आणि तारुण्यातली. मानसशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने हा तक्ता कधी ना कधी पाठ केलेला असतो, समोर वयं लिहायची, त्या पायरीवर अडकलं तर पुढे स्वभाव कसा होतो ते लिहायचं, झालं उत्तर. मीपण तसाच पाठ केला होता. नंतर कळलं की हा तक्ता कोणी एका बैठकीत लिहिलेला नाहीये, जवळजवळ वीस वर्षं तो तुकड्यातुकड्याने जमत गेलाय, आणि जमवणाऱ्याच्या समोर तेव्हा मूल जवळपास नव्हतंच. समोर होती मोठी माणसं, कोचावर पडून आपलं लहानपण आठवणारी. ही एक गोष्ट लक्षात ठेवली ना, की पुढची सगळी भांडणं आपोआप समजायला लागतात.

सिग्मंड फ्रॉइड मुळात मज्जातंतूंचा डॉक्टर. १८८५-८६ मध्ये पॅरिसला शार्को या मोठ्या डॉक्टरकडे त्याने हिस्टेरियाचे, म्हणजे शरीरात कारण न सापडणाऱ्या झटक्यांचे-लकव्यांचे, पेशंट बघितले, मग व्हिएन्नात ब्रॉयर या डॉक्टरबरोबर काम केलं आणि १८९५ ला दोघांचं हिस्टेरियावरचं पुस्तक आलं. पेशंटला बोलू दिलं की बोलणं मागेमागे जातं, कालच्या भांडणापासून थेट लहानपणापर्यंत, हे त्याला परतपरत दिसत होतं. १८९६ मध्ये त्याने उघडपणे मांडलं की हिस्टेरियाच्या मुळाशी लहानपणी झालेलं लैंगिक शोषण असतं. आणि दीडेक वर्षातच, २१ सप्टेंबर १८९७ च्या पत्रात, त्याने मित्राला, फ्लीसला, कळवलं की माझाच आता या सिद्धांतावर विश्वास राहिला नाही. कारणं दिली, त्यातलं एक असं की इतक्या सगळ्या घरांतले बाप दोषी धरावे लागतील, आणि दुसरं असं की नेणिवेत, म्हणजे मनाच्या आपल्याला न कळणाऱ्या भागात, खरं घडलेलं आणि कल्पनेतलं यांत फरक करता येत नाही.

इथे जरा थांबायला पाहिजे, कारण पुढची सगळी इमारत या वळणावर उभी आहे. आदल्याच वर्षी वडील गेलेले, फ्रॉइड स्वतःचंच विश्लेषण करत होता, स्वतःची स्वप्नं, स्वतःच्या अर्धवट आठवणी, लहानपणी सांभाळणारी दाई एकदम कुठे गेली हे त्याने आईला विचारलं तर ती चोरीत पकडली गेली होती असं समजलं. त्याच ऑक्टोबरच्या पत्रात इडिपसची कल्पना पहिल्यांदा येते, आईबद्दल ओढ आणि बापाबद्दल मत्सर, आणि एका माणसाच्या आठवणीवरून तो लगेच म्हणतो की हे सगळ्यांच्याच लहानपणी होत असणार. या वळणामुळे मुलाच्या मनाला स्वतःचं एक आतलं जग असतं, त्याच्या इच्छा, त्याची भीती, त्याच्या कल्पना, हे मान्य झालं, आणि ते खरंच मोठं काम आहे. पण त्याची किंमतपण मोठी होती. ज्या मुलांवर खरोखर अत्याचार झाले त्यांचं बोलणं पुढे कित्येक वर्षं ‘कल्पना’ म्हणून बाजूला पडायची वाट त्यातून तयार झाली. १९३२ मध्ये फेरेन्झीने, फ्रॉइडच्या अगदी जवळच्या माणसाने, परिषदेत उभं राहून सांगितलं की मुलं खरं सांगतायत, तर फ्रॉइडला ते आवडलं नाही. मला हा या इतिहासातला सगळ्यात दुःखाचा भाग वाटतो.

आता तक्ता. लहान मुलालाही लैंगिकता असते असं म्हणणारे फ्रॉइडचे तीन निबंध १९०५ मध्ये आले, पण आपण पाठ करतो त्या पायऱ्या पहिल्या आवृत्तीत तशा नव्हत्याच. नीटनेटका, काटकसरी आणि हट्टी स्वभाव गुदावस्थेशी जोडणारा लेख १९०८ चा, ‘इडिपस कॉम्प्लेक्स’ हा शब्द छापून आला १९१० मध्ये, ओरल आणि अ‍ॅनल अवस्थांचा भाग १९१५ च्या आवृत्तीत घातला गेला, फॅलिक अवस्था १९२३ मध्ये, आणि मनाचे इगो (सावरणारा मी), इड (कच्च्या इच्छा), सुपरइगो (आतला धाक) असे तीन भाग, हेसुद्धा त्याच वर्षीचं. १९२४ मध्ये कार्ल आब्राहम या त्याच्या सहकाऱ्याने प्रत्येक अवस्थेचे अजून दोन-दोन भाग पाडले. मुलींचं काय, हा प्रश्न तर कायम मुलग्यांच्या मागे फरफटत आला, कारेन हॉर्नी या मनोविश्लेषक बाईने त्यावर १९२० च्या दशकातच हरकत घेतली होती आणि ती बरोबरच होती.

मधे एक मूल येतं, छोटा हान्स. पाच वर्षांचा मुलगा, घोड्याला इतका घाबरायचा की रस्त्यावर जायला नको म्हणायचा. १९०९ मध्ये छापलेली ही केस इडिपसचा पुरावा म्हणून गाजली. पण या उपचारात फ्रॉइड त्या मुलाला भेटला एकदाच! बाकी सगळं वडिलांनी लिहून पाठवलेलं, आणि वडील स्वतः फ्रॉइडच्या गटातले, त्यामुळे काय शोधायचं हे त्यांना आधीच माहीत होतं. हान्सने रस्त्यात घोडा कोसळताना बघितला होता, बहीण झाली होती, आईने लिंग कापून टाकण्याची धमकी दिली होती, म्हणजे घाबरायला कारणं भरपूर होती. १९२२ मध्ये तो तरुण होऊन फ्रॉइडला भेटायला आला, स्वतःचीच केस वाचली होती त्याने, तर त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

मुलासमोर खरोखर बसायला सुरुवात झाली ती मुख्यतः बायकांमुळे. हर्मिने हुग-हेलमुथ सगळ्यात आधी, मग मेलनी क्लाइन आणि फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना फ्रॉइड. क्लाइनने छोटी छोटी खेळणी मुलापुढे ठेवली आणि मोठ्या माणसाचं बोलणं जसं ऐकतात तसा त्याचा खेळ बघितला, आणि यातून ती म्हणायला लागली की प्रेम, राग, अपराधीपणा हे सगळं पहिल्या वर्षापासूनच असतं. अ‍ॅना आधी शाळेत शिक्षिका होती, तिचं म्हणणं असं की मूल अजून आईबापांवर अवलंबून आहे, त्यांना धरल्याशिवाय काम होणार नाही. १९२७ पासून दोघींचं उघड भांडण, आणि १९३८ मध्ये नाझींमुळे फ्रॉइड कुटुंब व्हिएन्ना सोडून लंडनला आलं तेव्हा क्लाइन तिथे आधीपासून होतीच. युद्ध चालू असताना ब्रिटिश मनोविश्लेषकांच्या सोसायटीत दोन्ही बाजूंच्या सभांवर सभा झाल्या आणि शेवटी सोसायटीत तीन गट पडले.

पण माझ्या मते खरी दिशा सभांमध्ये नाही बदलली, लंडनमधल्या हॅम्पस्टेडच्या युद्धकाळातल्या पाळणाघरांत बदलली. १९४१ च्या सुमाराला अ‍ॅनाने डोरोथी बर्लिंगहॅम या सहकारी मैत्रिणीबरोबर ती चालवली, घरापासून तुटलेली मुलं तिथे राहायची, आणि तिने नियमच केला होता की तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने मुलाचं जे दिसेल ते कार्डावर लिहायचं. त्या कार्डांतून दिसलं ते साधं होतं: बॉम्बपेक्षा मुलांना आईपासून तुटणं जास्त जड जात होतं. मग त्यांनी चार-पाच मुलांमागे एक ठरलेली बाई, असं घरासारखं केलं.

तिथे बॉयलर सांभाळायला जेम्स रॉबर्टसन नावाचा माणूस होता. कार्डं त्यालाही लिहायला लागायची. १९४८ मध्ये तो जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञाकडे कामाला गेला. बोल्बी क्लाइनच्या हाताखाली शिकलेला, पण तिने एका अस्वस्थ मुलाच्या आईशी बोलायची मनाई केली होती आणि ते त्याला कधीच पटलं नाही. आतल्या कल्पना असतील, पण घरात खरोखर काय चाललंय ते कोण बघणार, हा त्याचा प्रश्न. १९५१ मध्ये त्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईच्या सहवासावरचा अहवाल लिहिला, अटॅचमेंटची, म्हणजे मूल सांभाळणाऱ्या माणसाशी कसं जोडलं जातं याची, थिअरी पुढे यातूनच वाढली. तोवर एरिक एरिकसन या मनोविश्लेषकाने अमेरिकेत फ्रॉइडच्या पायऱ्या म्हातारपणापर्यंत नेऊन आठ केल्या होत्या, विनिकॉट हा लंडनचा मुलांचा डॉक्टर मुलाच्या हातातल्या गोधडीबद्दल लिहीत होता, ते सगळं वाचण्यासारखं आहे पण तो वेगळाच विषय.

रॉबर्टसनने १९५२ मध्ये लहान कॅमेऱ्याने दोन वर्षांच्या लॉराची फिल्म केली, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ती आठ दिवस हॉस्पिटलमध्ये. तेव्हा आईबापांना भेटायला फार थोडा वेळ द्यायचे, मूल शांत झालं म्हणजे रुळलं असं नर्सेस समजायच्या. फिल्ममध्ये लॉरा फार रडत नाही, टेडी घट्ट धरून बसते, मधेच आई कुठे विचारते, आणि आई येते तेव्हा पटकन तिच्याकडे जात नाही. डॉक्टर लोक फिल्म बघून चिडले. पण १९५९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट समितीने सांगितलं की आजारी मुलाला आईबापांनी हवं तेव्हा भेटावं, लहान असेल तर आईने सोबत राहावं. तरी सगळ्या वॉर्डांची दारं उघडायला पुढे बरीच वर्षं गेली.