यलोस्टोन-टीटॉन-ग्लेशियर: हॉटेल बुक करायच्या आधी हे वाचा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आईबाबा जूनमध्ये जाणार, तिथली यलोस्टोन, ग्रँड टीटॉन आणि ग्लेशियर ही तीन राष्ट्रीय उद्यानं बघायची असतात, आणि मग आम्हा ट्रिप आखून देणाऱ्यांना मेसेज येतो, "यलोस्टोन एक दिवस, टीटॉन अर्धा, मग ग्लेशियर, हॉटेलं बुक झालीयत, तुम्ही फक्त बसवून द्या." नाही बसत हो. आणि का नाही ते दर वेळी फोनवर सांगण्यात आमची अख्खी संध्याकाळ जाते, म्हणून एकदाच लिहितोय.

यलोस्टोनच्या आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठसारखा आहे, सगळा मिळून साधारण 228 किलोमीटर. मॅपवर बघून वाटतं, हे तर मुंबई-महाबळेश्वरपेक्षा कमी, नाश्ता करून निघू आणि चहाला परत. पण आत स्पीड लिमिट ताशी 72 किलोमीटर, तेही रस्ता मोकळा असेल तर. हेडन व्हॅलीत बायसनचा, म्हणजे तिथल्या रानगव्यांचा, कळप रस्त्यावर आला की सगळ्या गाड्या त्याच्या चालीने, पिल्लं मध्येच थांबतात, एखादा धिप्पाड नर तुमच्या आरशाला घासून जातो, तोंडातून फुरफुर ऐकू येते, आणि तुम्ही काच वर करून गप्प बसायचं. हॉर्न नाही, उतरून सेल्फी तर नाहीच, बायसनपासून 23 मीटर लांब राहायचा नियम आहे, अस्वलापासून 91. ओल्ड फेथफुल हा तिथला गरम पाण्याचा प्रसिद्ध फवारा साधारण दीड तासाने उडतो, तुम्ही पार्किंग शोधेपर्यंत उडून गेला तर बसा पुढच्याची वाट बघत.

म्हणून यलोस्टोनला आम्ही दोन पूर्ण दिवस धरतोच, एक खालचा लूप, एक वरचा. मुक्कामाच्या रात्री वाढवून आम्ही पैसे काढतो असं काहीजण म्हणतात, पण हॉटेलचं बिल तुम्ही थेट हॉटेललाच भरता, आमची फी प्लॅनची, रात्रींवर नाही.

खरा घोळ राहण्याच्या जागेचा. काहीजण यलोस्टोनच्या सगळ्या रात्री टीटॉनजवळच्या जॅक्सन गावात घेतात, तिथून ओल्ड फेथफुल एका बाजूने दोन तासांवर, म्हणजे रोजचे चार तास नुसते गाडीत आणि मागे आजी कंटाळलेल्या. वेस्ट यलोस्टोन गावातून तेच अंतर 50 किलोमीटर. पार्कच्या आतले लॉज तर वर्षभर आधीच भरायला लागतात. त्यामुळे आधी रस्ता, मग हॉटेल.

ग्लेशियरचं वेगळंच. तिथला गोइंग-टू-द-सन रोड बर्फामुळे पूर्ण उघडायलाच बहुतेक वेळा जूनअखेर किंवा जुलै उजाडतो, आणि डोंगरातल्या भागात 21 फुटांपेक्षा लांब गाडी सोडत नाहीत, तेव्हा मोठी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घ्यायचं मनात असेल तर आधी विचारा.

थेपले, चिवडा, भाकरवडी खुशाल न्या, फक्त पिशवी बाकावर ठेवून फोटो काढायला जाऊ नका, अस्वलांचा भाग आहे तो.

तारखा, माणसं किती, गाडी कोण चालवणार आणि गुडघेदुखी कोणाला, एवढं व्हॉट्सअ‍ॅप करा. पहिला कच्चा रूट आम्ही फुकट काढून देतो, बुकिंग झालेलं असेल तर मात्र कॅन्सलेशनची शेवटची तारीखही सोबत पाठवा.