एसएटीचा सुपरस्कोअर: कॉलेजला नेमकं काय पाठवायचं?

समजा, अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची एसएटी परीक्षा तुम्ही मार्चमध्ये दिली. वाचन-लेखनात ६४०, गणितात ७७०, एकूण १४१०. ऑक्टोबरमध्ये पुन्हा दिली तेव्हा वाचन-लेखनात ७१०, गणितात ७४०, एकूण १४५०. दोन्ही वेळचे चांगले भाग घेतले की ७१० आणि ७७०, म्हणजे १४८०. हा झाला सुपरस्कोअर. पदवीच्या प्रवेशासाठी अमेरिकेतली बरीच कॉलेजं हाच आकडा धरतात. इथपर्यंत सगळ्यांना समजतं. घोळ पुढे होतो आणि दरवर्षी तोच होतो.

सांगलीच्या एका मुलीचे आकडे साधारण असेच होते. एकूण जास्त म्हणून तिने फक्त ऑक्टोबरचा रिपोर्ट पाठवला. मार्चचं ७७० कॉलेजपर्यंत पोचलंच नाही आणि तिचा अर्ज १४५० वर वाचला गेला. "मॅडम, त्यांना सगळं दिसतंच ना?" तिने मला विचारलं. नाही, दिसत नाही. एसएटी घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, तुमच्यासाठी बेरीज करून १४८० चा रिपोर्ट पाठवत नाही. बेरीज कॉलेज करतं, तीसुद्धा तुम्ही पाठवलेल्या तारखांमधून. त्यामुळे ज्या ज्या तारखेला एखादा भाग सर्वात चांगला आलाय, ती प्रत्येक तारीख पाठवायला हवी.

पाठवताना तारीख निवडता येते, विषय निवडता येत नाही. मार्चचं ७७० हवं तर त्याच्यासोबत ६४० सुद्धा जाणारच. मुलं इथे घाबरतात आणि मार्च गाळतात. कृपा करून गाळू नका. सुपरस्कोअर घेणारं कॉलेज प्रत्येक भागातला वरचा आकडा घेतं. एमआयटीसारख्या ठिकाणी हे धोरण उघड लिहिलेलं आहे. पैसेही वाचतात, कारण शुल्क प्रत्येक कॉलेजमागे एका रिपोर्टचं असतं. एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही तारखा टाकल्या तर दुप्पट पडत नाही. आधी एक, महिन्याने दुसरी असं केलं की दोनदा भरावे लागतात.

आता पात्रता. तुमच्याकडे दोन स्कोअर आहेत म्हणून सुपरस्कोअर लागू होतो असं नाही, ते कॉलेज ठरवतं. काही कॉलेजं एका दिवसाचा सर्वोत्तम एकूण स्कोअरच धरतात. जॉर्जटाउनसारखं विद्यापीठ दिलेल्या सगळ्या परीक्षांचे स्कोअर मागत आलंय. तिथे तारीख लपवणं म्हणजे नियम मोडणं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी एसएटी बघतच नाही, तिथे पाठवण्यात पैसे घालवू नका. धोरणं वर्षागणिक बदलतात, म्हणून दादा-ताईने दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका. कॉलेजच्या प्रवेश विभागाचं पान स्वतः उघडून वाचा.

परीक्षेसोबत चार रिपोर्ट फुकट मिळतात, पण ते परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत वापरावे लागतात. निकाल त्यानंतर येतो. म्हणजे स्कोअर न बघताच पाठवायचा. सगळे स्कोअर मागणाऱ्या किंवा सुपरस्कोअर घेणाऱ्या कॉलेजला ते खुशाल वापरा. एकाच दिवसाचा स्कोअर धरणारं कॉलेज असेल तर निकालापर्यंत थांबा.

सर्वात जास्त त्रास नावाचा होतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बऱ्याचदा मुलाचं व वडिलांचं नाव दुसऱ्या एकाच रकान्यात. पहिल्या परीक्षेला मुलगा शाळेतल्या नावाने अकाउंट उघडतो. दुसऱ्या वेळी पासवर्ड आठवत नाही, म्हणून नव्या ईमेलवर पासपोर्टच्या नावाने दुसरं उघडतो. मार्च एका अकाउंटमध्ये, ऑक्टोबर दुसऱ्यात. कॉलेजकडे एकाच मुलाचे स्कोअर दोन नावांनी जातात आणि अर्जाशी जुळत नाहीत. असं झालं असेल तर कॉलेज बोर्डाशी संपर्क साधून दोन्ही अकाउंट एकत्र करून घ्या, आणि हे अर्जाच्या आठवड्यात नको, निदान दीड-दोन महिने आधी. नाव आणि जन्मतारीख पासपोर्ट, एसएटी आणि कॉमन ॲप (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज), तिन्हीकडे अक्षरन् अक्षर एकच हवी.

रिपोर्ट पाठवायला कॉलेज निवडताना त्याचा कोड तपासा. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत आहे, युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात. घाईत क्लिक केलं की रिपोर्ट भलत्याच राज्यात जातो आणि पैसे परत मिळत नाहीत.

कॉमन ॲपमध्ये प्रत्येक भागाचा सर्वोच्च स्कोअर आणि त्याची तारीख वेगवेगळी विचारतात. इथे ७१० समोर ऑक्टोबर, ७७० समोर मार्च असंच लिहा. दोन्हींसमोर एकच तारीख टाकलीत तर अधिकृत रिपोर्टशी आकडे जुळणार नाहीत, आणि प्रवेश मिळाल्यावर पडताळणीत हा खुलासा करत बसावं लागेल. बरीच कॉलेजं अर्जाच्या वेळी असे स्वतः भरलेले आकडे मान्य करतात आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश पक्का झाल्यावर मागतात. काहींना तो आधीच लागतो.

एसीटी, म्हणजे एसएटीसारखीच दुसरी प्रवेश परीक्षा, देणाऱ्यांचं काम थोडं सोपं. तिथे एकापेक्षा जास्त वेळा परीक्षा दिली की संस्था स्वतः सुपरस्कोअर काढते आणि तो रिपोर्टवर पाठवताही येतो. मात्र एसएटीचं गणित आणि एसीटीचं इंग्रजी अशी मिसळ सहसा चालत नाही.

१ नोव्हेंबरला अर्जाची मुदत संपणाऱ्या लवकरच्या प्रवेश फेरीसाठी ऑक्टोबरची परीक्षा चालते का, हे आधी बघा. आणि तारीख नीट वाचा: काही ठिकाणी त्या दिवसापर्यंत रिपोर्ट पाठवलेला चालतो, काही ठिकाणी तो पोचलेला लागतो. ऑर्डर केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी कॉलेजच्या अर्जदार पोर्टलवर जाऊन दोन्ही तारखांची नोंद दिसते का ते पाहा. एकच दिसत असेल तर त्याच दिवशी प्रवेश विभागाला ईमेल करा. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, राहिलेली परीक्षेची तारीख आणि ऑर्डरची पावती द्या.