पॅकेट ट्रेसर नुसतं खेळणं नाही

संगणक-नेटवर्किंगचा सराव करायच्या दोन प्रोग्रॅमबद्दल ‘पॅकेट ट्रेसर म्हणजे खेळणं, खरं शिकायचं तर जीएनएस३च’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरमध्ये खरी आयओएस (सिस्कोच्या राउटर-स्विचमधली ऑपरेटिंग सिस्टिम) नसते, तिची नक्कल असते; त्यामुळे काही कमांड तिथे चालतच नाहीत. पण व्हीलॅन, ट्रंक, स्पॅनिंग ट्री या स्विचिंगच्या आणि ओएसपीएफ या राउटिंगच्या विषयाचा सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेपुरता सराव त्यात छान होतो. जीएनएस३ खरी आयओएस चालवतं, मात्र तिची इमेज (म्हणजे त्या सिस्टिमची फाइल) आपणच मिळवायची, तीही रीतसर परवान्याने (हे सांगायला सगळे विसरतात!). शिवाय त्यातलं डायनॅमिप्स हे इम्युलेटर जुन्या राउटरांचं हार्डवेअर सॉफ्टवेअरमध्ये उभं करतं. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचमधल्या खास चिप त्याला जमत नाहीत. म्हणजे स्विचिंगला डायनॅमिप्सपेक्षा ‘खेळणं’च सोयीचं. एमपीएलएससारख्या पुढच्या विषयापर्यंत पोचलात, की जीएनएस३सारखं काही लागेलच.