कंटेनरला पत्ता मिळत नाही आणि कंटेनर बाहेर पोहोचत नाही : एकसारखे दिसणारे दोन बिघाड

परभणीतल्या एका महाविद्यालयाच्या संगणक विभागातून पावसाळ्यात एकदा सकाळी फोन आला : “सर, कंटेनरमधी नेटच येईना. रात्री लाईट गेल्ती, तवापासून असंच चालू हे.” त्या सर्व्हरवर ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारे कोहा एका कंटेनरमध्ये, ऑनलाइन वर्गांचे मूडल दुसऱ्यात आणि विद्यार्थ्यांच्या सरावाचे लिनक्स आणखी काही कंटेनरांत, अशी मांडणी होती. तो बिघाड दूर झाला. त्यानंतर आठवड्याभराने त्याच विभागातून दुसऱ्या सर्व्हरबद्दल जवळजवळ त्याच शब्दांत फोन आला, तेव्हा मी पहिल्या वेळचा उपाय फोनवरच सांगितला आणि तो लागू पडला नाही. पहिल्या सर्व्हरवरच्या कंटेनरांना पत्ता मिळालेला होता, पण त्यांची पॅकेटे, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे, बाहेर जात नव्हती. दुसऱ्या सर्व्हरवर मुळात पत्ताच मिळत नव्हता. “नेट येईना” या एका वाक्यात हे दोन्ही बिघाड मावतात, म्हणून ते वेगळे ओळखावे कसे हे नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

येथे कंटेनर म्हणजे सिस्टम कंटेनर, अर्थात एलएक्सडी किंवा इन्कस या साधनांनी एकाच सर्व्हरच्या आत स्वतंत्रपणे चालवलेले अख्खे लिनक्स. डॉकरच्या कंटेनरात बहुधा एकच प्रोग्राम चालतो. सिस्टम कंटेनरात सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीपासून लॉगिनपर्यंत सारे काही असते, फक्त कर्नल (लिनक्सचा गाभा) होस्टचा, म्हणजे खऱ्या सर्व्हरचा असतो. इन्कस ही एलएक्सडीचीच २०२३ मध्ये फुटलेली शाखा असल्यामुळे पुढील विवेचन दोघांनाही लागू आहे. फरक एवढाच, की ब्रिजचे नाव एकाकडे एलएक्सडीबीआर० असते आणि दुसऱ्याकडे इन्कसबीआर०.

हा ब्रिज म्हणजे होस्टच्या आत तयार केलेला आभासी स्विच. प्रत्येक कंटेनरची एक आभासी तार त्याला जोडलेली असते, आणि ब्रिजला स्वतःला दहापासून सुरू होणारा एक खाजगी पत्ता असतो, समजा १०.१२४.८.१. त्या पत्त्यावर होस्टमध्येच डीएनएसमास्क नावाची सेवा चालते. ती कंटेनरांना डीएचसीपीने (आपोआप पत्ता देण्याच्या पद्धतीने) पत्ते वाटते आणि संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते शोधून देते (डीएनएस). बाहेरच्या जगाकडे जाणारी पॅकेटे मात्र डीएनएसमास्ककडे जात नाहीत. ती ब्रिजवरून कर्नलमध्ये येतात, नॅटने, म्हणजे पत्ता बदलण्याच्या सोयीने, होस्टचा पत्ता धारण करतात आणि खऱ्या नेटवर्क कार्डातून बाहेर पडतात.

म्हणजे कंटेनर होस्टकडे दोन अगदी वेगळ्या कामांसाठी येतो. आपल्याकडे शेजाऱ्याच्या शेताशी दोन प्रकारचा संबंध येतो, तसेच हे आहे. त्याच्या घरी जाऊन पेरणीसाठी पाभर मागणे वेगळे आणि त्याच्या बांधावरून डांबरी रस्त्याला लागणे वेगळे. पाभर देणारा शेजारी वाट देईलच असे नाही, आणि वाटेवरून तहसीलमध्ये वर्षानुवर्षे भांडणारे लोक एकमेकांच्या दारात चहा पितात. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे रहदारीवरच्या पहाऱ्यात, या दोन कामांच्या नियमांच्या साखळ्याच निराळ्या आहेत. होस्टशी बोलायला आलेले पॅकेट इनपुट साखळीतून तपासले जाते, होस्टमधून पलीकडे जाणारे फॉरवर्ड साखळीतून, आणि एक पॅकेट सहसा या दोहोंपैकी एकाच साखळीतून जाते. इनपुट अडले की कंटेनरला पत्ता मिळत नाही. फॉरवर्ड अडले की पत्ता मिळतो, पण बाहेर जाता येत नाही.

पहिली खूण यादीतच दिसते. ‘एलएक्ससी लिस्ट’ किंवा ‘इन्कस लिस्ट’ केल्यावर आयपीव्ही४ चा रकाना रिकामा असेल, तर संशय इनपुटकडे जावा. पण रकाना पाहताना लोक एक चूक हमखास करतात : शेजारच्या आयपीव्ही६ च्या रकान्यात एफडी४२ पासून सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो आणि “पत्ता तर आलाय की” असे म्हणून ते पुढे जातात. तो पत्ता डीएचसीपीने मिळालेला नसतो. ब्रिजवरचे डीएनएसमास्क स्वतःहून जी राउटर जाहिरात, म्हणजे नेटवर्कची ओळख सांगणारा संदेश, पाठवते, तिच्यावरून कंटेनरने तो आपला आपण बनवलेला असतो. ती जाहिरात होस्टकडून कंटेनरकडे जाते, म्हणजे इनपुटच्या उलट दिशेने, त्यामुळे इनपुट बंद असतानाही ती पोहोचते. आयपीव्ही६ आहे आणि आयपीव्ही४ नाही, हे दृश्य इनपुट अडल्याचे फार बोलके लक्षण आहे.

रकान्यात आयपीव्ही४ असेल, तर कंटेनरमध्ये जाऊन आधी एखाद्या नावाचा पत्ता मिळतो का ते पाहावे. ‘गेटेंट होस्ट्स’ आणि पुढे संकेतस्थळाचे नाव एवढे पुरे. नावाचा पत्ता मिळाला, पण त्या पत्त्याशी जोडणी होत नाही, असे असेल तर फॉरवर्ड अडले आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. कारण नाव विचारणारे पॅकेट डीएनएसमास्ककडे, म्हणजे इनपुटमधून गेले, आणि पुढची चौकशी होस्टने स्वतःच्या नावाने केली; फॉरवर्ड साखळीशी तिचा संबंधच आला नाही. याच्या उलट दृश्य, म्हणजे पत्ता हाताने भरल्यावर बाहेरच्या आकड्यांच्या पत्त्याशी जोडणी होते पण नावे मात्र सापडत नाहीत, हे इनपुटचे काम. हे दुसरे दृश्य मी परभणीच्या दुसऱ्या सर्व्हरवर पाहिले. तिथल्या सहायकांनी कंटेनरला हाताने पत्ता देऊन अर्धा प्रश्न सोडवला होता, आणि उरलेल्या अर्ध्याला ते डीएनएसचा वेगळा बिघाड समजत होते. प्रत्यक्षात दोन्ही अर्धे एकाच बंद दाराचे होते.

आता पिंगविषयी, म्हणजे समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या छोट्या चाचणीविषयी, थोडे सावकाश सांगायला हवे, कारण या दोन बिघाडांचा घोळ सर्वांत जास्त पिंगमुळे होतो. उबुंटूवरील यूएफडब्ल्यू ही फायरवॉल आपल्या मूळ नियमांत पिंगच्या विनंत्यांना इनपुटमध्येही वाट देते आणि फॉरवर्डमध्येही. त्यामुळे यूएफडब्ल्यूने डीएचसीपी, डीएनएस आणि बाहेर जाणारी बाकी सारी रहदारी अडवली असतानाही, पत्ता असलेल्या कंटेनरमधून १०.१२४.८.१ ला पिंग लागते आणि बाहेरच्या ८.८.८.८ लाही लागते. माणूस म्हणतो, नेटवर्क ठीक आहे, बिघाड ‘अॅप्ट अपडेट’ या पॅकेजांची यादी ताजी करणाऱ्या आदेशात असेल, आणि मग रिपॉझिटरीच्या फायली बदलण्यात दुपार जाते. डॉकरने फॉरवर्ड अडवले असेल, तर मात्र बाहेरची पिंगही थांबते. सारांश, पिंग न लागणे हा पुरावा आहे, पण पिंग लागणे हा पुरावा नाही. त्याऐवजी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टशी ‘कर्ल’ने जोडून पाहावे, म्हणजे उत्तर खरे मिळते.

तरीही शंका राहिली, तर होस्टवर ‘टीसीपीडम्प’ हे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन लावावे. त्याचे एक वैशिष्ट्य आधी ध्यानात घेतले पाहिजे : आत येणारे पॅकेट त्याला फायरवॉलच्या आधी दिसते आणि बाहेर पडणारे फायरवॉलच्या नंतर. ब्रिजवर ६७ क्रमांकाच्या पोर्टकडे जाणारी डीएचसीपीची विनंती दर काही सेकंदांनी दिसते आणि उत्तर दिसत नाही, याचा अर्थ विनंती होस्टपर्यंत आली. मग ती इनपुटमध्ये टाकली गेली किंवा ऐकायला डीएनएसमास्कच उभे नाही. फॉरवर्डच्या बिघाडात पॅकेट ब्रिजवर दिसते, पण खऱ्या कार्डावर दिसत नाही. ते खऱ्या कार्डावर दिसले आणि तिथेही त्याचा उगम १०.१२४ असाच राहिला असेल, तर साखळी मोकळी आहे आणि नॅट गायब आहे. अशा पॅकेटाला उत्तर येणे शक्य नसते, कारण तो खाजगी पत्ता तुमच्या होस्टबाहेर कोणालाही ठाऊक नाही.

दोन्ही बिघाड केव्हा उद्भवतात, यातही मोठा फरक आहे, आणि फोनवर मी आता पहिला प्रश्न तोच विचारतो. फॉरवर्डचा बिघाड बहुधा सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर दिसतो. डॉकरने १.१३ या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०१७ पासून, फॉरवर्ड साखळीचे मूळ धोरण ‘ड्रॉप’ (पॅकेट टाकून देणे) ठेवायला सुरुवात केली; पण ते धोरण तो तेव्हाच लावतो, जेव्हा कर्नलमधील आयपी फॉरवर्डिंग (पॅकेटे पलीकडे पाठवण्याची सोय) त्याला स्वतः सुरू करावे लागते. ज्या दिवशी डॉकर बसवला, त्या दिवशी एलएक्सडीच्या ब्रिजने फॉरवर्डिंग आधीच सुरू केलेले असते, म्हणून डॉकर साखळीला हात लावत नाही आणि सर्व काही सुरळीत चालते. मग महिन्याने वीज जाते, यूपीएस दम तोडतो, पहाटे वीज आल्यावर सर्व्हर उठतो, आणि या वेळी डॉकर एलएक्सडीच्या आधी जागा होतो. फॉरवर्डिंग त्यानेच सुरू केले, म्हणून धोरण ‘ड्रॉप’ झाले. परभणीच्या पहिल्या फोनचे मूळ हेच होते. लाईट गेली आणि स्विच जळाला असावा असे समजून तिथे स्विच बदलण्याची तयारी सुरू झाली होती, आणि खात्री करून घेण्यासाठी डॉकर बंद करूनही पाहिला होता. पण डॉकर बंद केल्याने ते धोरण मागे घेतले जात नाही. ते पुढच्या रीस्टार्टपर्यंत किंवा कोणी हाताने बदलेपर्यंत तसेच राहते. म्हणून “डॉकर बंद केला तरी होईना, म्हणजे दोष डॉकरचा नाही” हा निष्कर्ष चुकला.

इनपुटचा बिघाड याउलट फायरवॉल चालू केल्यावर येतो, आणि तोही लगेच नाही. या ब्रिजवरच्या डीएचसीपीची लीज, म्हणजे दिलेल्या पत्त्याची मुदत, एरवी एका तासाची असते. यूएफडब्ल्यू चालू केली, त्या क्षणी कंटेनरांकडे पत्ते असतात. लीजची मुदत अर्धी सरली की ते मुदतवाढ मागतात, ती विनंती अडते, पुन्हा मागतात, पुन्हा अडते, आणि मुदत संपताच पत्ता जातो. प्रत्येक कंटेनरची लीज वेगवेगळ्या वेळी सुरू झालेली असल्यामुळे ते एकेक करून पडतात. पाहणाऱ्याला वाटते, की एखादा संसर्ग पसरतो आहे किंवा सर्व्हरची मेमरी कमी पडते आहे. तासाभरापूर्वी केलेल्या बदलाशी त्याचा संबंध कोणाच्या मनात येत नाही.

एलएक्सडी स्वतः आपल्या ब्रिजसाठी मोकळीक देणारे नियम घालत असताना हे घडतेच कसे, असा रास्त प्रश्न येथे उभा राहतो. अलीकडच्या वितरणांत एलएक्सडी आणि इन्कस हे नियम एनएफटेबल्स या कर्नलच्या फायरवॉल यंत्रणेत स्वतःच्या वेगळ्या तक्त्यात लिहितात, आणि एनएफटेबल्सचा कायदा असा आहे की एका तक्त्याने दिलेली परवानगी त्या तक्त्यापुरतीच असते, पण कोणत्याही एका तक्त्याने दिलेला नकार अंतिम असतो. सातबाऱ्यावर अनेक हिस्सेदार असले की अख्ख्या जमिनीच्या विक्रीला सगळ्यांची सही लागते आणि एकाने नाही म्हटले तरी व्यवहार अडतो, तसेच हे आहे. म्हणून एलएक्सडीच्या तक्त्यात आणखी नियम घालून उपयोग नाही. ज्याने नकार दिला, त्याच्याकडूनच तो काढून घ्यावा लागतो.

यूएफडब्ल्यूने नकार दिला असेल, तर ब्रिजवरून आत येणाऱ्या रहदारीला ‘अलाऊ इन’ द्यावे; याने इनपुट मोकळे होते. त्याच ब्रिजसाठी ‘राउट अलाऊ इन’ आणि ‘राउट अलाऊ आउट’ दिले की फॉरवर्ड मोकळे होते. इनपुट आणि फॉरवर्ड ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि पहिले करून दुसरे विसरल्यास एका बिघाडाचे रूपांतर दुसऱ्यात होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. यूएफडब्ल्यूऐवजी फायरवॉलडी ही फायरवॉल असेल, तर ब्रिज ‘ट्रस्टेड’ झोनमध्ये कायमस्वरूपी घालणे पुरेसे होते. डॉकरच्या बाबतीत दोन मार्ग आहेत : डॉकरने वापरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या ‘डॉकर-यूजर’ साखळीत ब्रिजला परवानगी द्यावी, किंवा सिस्टिमच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग कायमचे सुरू ठेवावे, म्हणजे डॉकर उठण्यापूर्वीच ते चालू असेल. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे, पण तो निवडल्यास त्या होस्टवरून दुसरे काहीही नकळत पलीकडे जाणार नाही याची जबाबदारी आपल्यावर येते.

या दोन खान्यांत न बसणारी प्रकरणेही असतात. सगळे कंटेनर सोडून एकच अडला असेल, तर होस्टची फायरवॉल चाळू नये, त्या कंटेनरच्या आत पाहावे. सेंटओएस ७ चा कंटेनर नव्या होस्टवर पत्ता घेत नसेल, तर त्याचे जुने सिस्टमडी सीग्रुप या कर्नलमधल्या व्यवस्थेच्या दुसऱ्या आवृत्तीवर उठूच शकत नाही आणि नेटवर्क सुरू करायला आत कोणीच नसते, हे कारण तपासावे. होस्टवर बाइंड हा डीएनएस सर्व्हर किंवा दुसरे डीएनएसमास्क सर्व पत्त्यांवर ५३ क्रमांकाचे पोर्ट अडवून बसले असेल, तर ब्रिजचे डीएनएसमास्क उभे राहत नाही, आणि लक्षणे बरीचशी इनपुट अडल्यासारखी दिसतात. ‘एसएस’ चालवून पोर्ट कोणाकडे आहे हे पाहिल्यावर उलगडा होतो.

दुरुस्तीची तपासणीही दोन्हींसाठी सारखी नसते. इनपुटची दुरुस्ती खरी ठरते ती लीजची मुदत उलटून गेल्यावर, म्हणून तासाभराने ‘एलएक्ससी लिस्ट’ पुन्हा पाहिल्याशिवाय मी फाईल बंद करत नाही. फॉरवर्डची दुरुस्ती तपासायला सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करावा लागतो, आणि तो महाविद्यालयाच्या सुटीच्या वेळी, कोणीतरी जवळ उभे असताना करावा. नाहीतर तेच काम पुढच्या वादळात महावितरणची वीज गेल्यावर पहाटे आपोआप होईल आणि ग्रंथालय उघडल्यावर फोन येईल.