खुब्याची शस्त्रक्रिया आणि पाण्यातले व्यायाम: पोलिओपासूनचा वारसा

खुबा बदलल्यानंतर काही रुग्णांना फिजिओथेरपिस्ट कोमट पाण्याच्या तलावात उतरवून चालायला लावतात, पाय बाजूला उचलायला सांगतात. ही पद्धत खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी जन्मलेली नाही. ती पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी घडली आणि खुब्याच्या रुग्णांकडे वारशाने आली.

अमेरिकेत 1920च्या दशकात पोलिओवर लस नव्हती. दुबळ्या स्नायूंना जमिनीवर स्वतःच्या पायाचे वजनही पेलत नसे. लॉस एंजेलिसचे अस्थिशल्यविशारद चार्ल्स लोमन यांनी शिकागोच्या एका शाळेत अपंग मुलांना लाकडी टाकीतल्या पाण्यात व्यायाम करताना पाहिले. परत आल्यावर त्यांनी आपल्या रुग्णालयातल्या कमळांच्या तळ्याचेच उपचारकुंड करून टाकले. ते वर्ष 1924. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या गावी गेले. तीन वर्षांपूर्वी पोलिओने त्यांचे पाय लुळे पडले होते. तिथल्या सुमारे 31 अंश सेल्सिअसच्या नैसर्गिक झऱ्यात त्यांना उभे राहता येऊ लागले. 1926मध्ये त्यांनी ती जागा विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिथे संस्था उभी राहिली. रूझवेल्ट बरे झाले नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. पण कोणता स्नायू किती जोराचा, त्याला पाण्यात कसे हलवायचे, याची शिस्त अशा ठिकाणी तयार झाली. त्या पाण्यात कृष्णवर्णीय मुलांना मात्र प्रवेश नव्हता; त्यांच्यासाठी 1941मध्ये अलाबामा राज्यातल्या टस्कगी इथे वेगळे केंद्र निघाले. या इतिहासातली ही बाजू वगळून चालणार नाही.

आपल्याकडच्या फिजिओथेरपीची मुळेही पोलिओतच आहेत. मुंबईत पोलिओची साथ आल्यानंतर 1950च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले.

लस आली, पोलिओचे रुग्ण घटत गेले. तेवढ्यात दुसरा रुग्ण समोर उभा राहिला. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात शल्यविशारद जॉन चार्नले यांनी खुब्याच्या खोबणीसाठी टेफ्लॉनच्या वाट्या वापरून पाहिल्या होत्या. त्या काही वर्षांतच झिजल्या. नोव्हेंबर 1962मध्ये त्यांनी पॉलिथिलिनची वाटी आणि धातूचा छोटा गोळा वापरला, आणि खुबा बदलणे ही भरवशाची शस्त्रक्रिया झाली. मात्र त्यांच्या पद्धतीत सांध्यापर्यंत पोहोचायला मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून पुन्हा तारेने बांधावा लागे. पाय बाजूला नेणारे स्नायू नेमके त्याच उंचवट्यावर येतात.

हे स्नायूच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहेत. एका पायावर उभे राहिले की कंबर कलू नये म्हणून ते जोराने ओढतात. शरीराचे वजन सांध्यापासून लांब आणि हे स्नायू मात्र अगदी जवळ, त्यामुळे त्यांना कितीतरी जास्त बळ लावावे लागते. सांध्यावरचा भार म्हणूनच शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट होतो. हे स्नायू कमजोर राहिले की रुग्ण लचकत चालतो. म्हणजे त्यांना व्यायाम तर हवा, पण पूर्ण भार नको. इथे पाणी कामी येते. कमरेइतक्या पाण्यात पायांवर साधारण निम्मे वजन पडते, छातीपर्यंतच्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश, आणि मानेपर्यंत गेले तर जेमतेम एक दशांश.

पण पायांवर कमी वजन म्हणजे सांध्याच्या आतही कमी भार, हे बराच काळ गृहीतच धरलेले होते. बर्लिनच्या संशोधकांनी ते मोजले. भार नोंदवणारी उपकरणे बसवलेले कृत्रिम सांधे ज्यांच्या शरीरात होते, अशा रुग्णांना त्यांनी छातीपर्यंतच्या पाण्यात व्यायाम करायला लावले. 2017मध्ये निष्कर्ष आले: पायांवर भार घेऊन करायच्या व्यायामांत सांध्यावरचा भार 36 ते 55 टक्क्यांनी उतरतो. मात्र पाण्यात पाय झपाट्याने हलवला की पाण्याच्या विरोधामुळे भार पुन्हा वाढतो. ‘पाण्यात आहे, आता काहीही करा’ असे म्हणणाऱ्यांनी हा दुसरा भाग जरूर लक्षात घ्यावा.

आज खरा वाद आहे तो पाण्यात उतरायचे कधी यावर. ऑस्ट्रेलियात 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवसापासून पाण्यात नेमके व्यायाम केलेल्यांचे पाय बाजूला नेणारे स्नायू दोन आठवड्यांनी अधिक बळकट आढळले. जर्मनीतल्या, खुबा किंवा गुडघा बदललेल्या 465 रुग्णांच्या चाचणीने (2012) चित्र गुंतागुंतीचे केले. तिथे सहाव्या आणि चौदाव्या दिवशी सुरुवात करणाऱ्यांची तुलना होती. गुडघेवाल्यांचे निकाल लवकर सुरुवातीच्या बाजूने झुकले, तर खुबेवाल्यांचे उलट, जखम भरल्यानंतरच्या सुरुवातीच्या बाजूने. माझ्या मते खुब्याच्या बाबतीत घाई न केलेली बरी. जखम कोरडी आहे का, जलरोधक पट्टी नीट चिकटली आहे का, हे शल्यविशारदाने पाहूनच परवानगी द्यावी.

वज्रेश्वरीच्या किंवा कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसणे हा मात्र या व्यायामाला पर्याय नव्हे. उपचाराच्या तलावात पाणी निर्जंतुक केलेले असते, तापमान साधारण 33 ते 35 अंशांवर राखलेले असते, धरायला कठडा असतो आणि शेजारी फिजिओथेरपिस्ट उभा असतो. कुंडात निसरड्या पायऱ्या असतात, आणि नव्या खुब्यासाठी पडणे हा मोठा धोका आहे.