चरे पडलेली सीडी प्लेअर बिघडवते का?

माझ्या बहिणीच्या लग्नाची व्हीसीडी तीन चकत्यांची आहे. दुसरीवर सप्तपदी आहे आणि नेमकी तीच वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली. तिच्यावर चरे होते, आणि वडिलांचं म्हणणं ठाम होतं: "ती लावू नका, लेन्स जाईल." हा नियम त्या काळी कितीतरी घरांत होता. तो आला कुठून, आणि त्यात खरं किती, हे नीट पाहण्यासारखं आहे.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. सीडीच्या आधी घरात व्हीसीआर होता. कोकणातल्या पावसाळ्यात व्हिडिओ कॅसेटच्या टेपला पांढरी बुरशी धरायची. व्हीसीआरमध्ये टेप फिरत्या हेडला घासत जाते. म्हणजे बुरशी लागलेली एकच कॅसेट लावली की घाण हेडवर बसणार आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही मुंग्या दिसणार. ग्रामोफोनचं तेच. सुई तबकडीच्या खोबणीला टेकूनच चालते, त्यामुळे खराब तबकडी सुई खाते. खराब वस्तू यंत्र बिघडवते, हा धडा लोक अनुभवातून शिकले होते.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीनं मात्र मुळातलं गणितच बदललं. इथे वाचणारं काहीच चकतीला टेकत नाही. लेझरचं भिंग चकतीखाली एक-दोन मिलिमीटरवर तरंगतं आणि परतलेला प्रकाश वाचतं. चरा कितीही खोल असला तरी तो भिंगाला घासू शकत नाही.

शिवाय चरा पडतो ती जागा आणि माहिती असते ती जागा एक नाही. सीडी १.२ मिलिमीटर जाडीची, पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची असते. माहितीचे खड्डे त्या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला, छापील बाजूलगत असतात. खालून येणारा किरण प्लास्टिकमध्ये शिरताना पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि खड्ड्यांपाशी पोचेपर्यंत जेमतेम दीड-दोन सहस्रांश मिलिमीटर इतका निमुळता होतो. चष्म्याच्या काचेवर बारीक कण असला तरी समोरचा रस्ता दिसतोच. तसा खालच्या पृष्ठभागावरचा बारीक चरा लेझरच्या दृष्टीनं धूसर असतो. उलट छापील बाजूचा ओरखडा घातक, कारण तिथे ॲल्युमिनियमच्या पातळ थरावर फक्त लाखेसारखा लेप असतो. लोक मात्र सीडी चकचकीत बाजू वर करून ठेवतात आणि छापील बाजू टेबलावर घासू देतात!

मोठ्या चऱ्यामुळे काही भाग वाचता आला नाही, तर मदतीला येतं गणित. अमेरिकेतल्या रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेली पद्धत सीडीत वापरली आहे. समजा, मोठ्या पंगतीत एकाच घरातली माणसं शेजारी न बसवता मुद्दाम विखरून बसवली. एका कोपऱ्यात वाढप पोचलं नाही, तरी प्रत्येक घरातलं एखादंच माणूस उपाशी राहील आणि घरचे आपल्या पानातलं त्याला देऊ शकतील. सीडीवरची माहिती अशीच विखरून, सोबत थोडी जादा माहिती देऊन लिहिलेली असते. माहितीचे खड्डे चकतीवर गोल गोल फिरत जाणाऱ्या एका मार्गावर ओळीनं असतात. त्या मार्गावरची सुमारे अडीच मिलिमीटरची सलग तूटसुद्धा हिशेबानं तंतोतंत भरून निघते. म्हणूनच मधल्या भोकाकडून कडेकडे गेलेला चरा फारसा त्रास देत नाही. तो प्रत्येक फेऱ्यात मार्गाला क्षणभरच छेदतो. मार्गाच्या दिशेनं गोल गेलेला चरा लांबचलांब तूट पाडतो. चकती पुसताना गोल न पुसता मधून बाहेर पुसायची ती यासाठी.

मग "खराब सीड्या लावल्या आणि लेन्स गेली" हा अनुभव इतक्या जणांना कसा आला? माझ्या मते इथे कारण आणि परिणाम यांची उलटापालट झाली आहे. प्लेअर जुना होतो तसा भिंगावर धूर आणि धूळ बसते, लेझरही मंदावतो. वाचण्याची ताकद हळूहळू घटते. चांगली चकती अजून निभावून जाते, पण चरे पडलेली आधी अटकू लागते. चार-सहा महिन्यांनी चांगलीही अटकते. घरच्यांना हा क्रम असा दिसतो की आधी खराब सीडी लावली आणि मग प्लेअर गेला. प्रत्यक्षात प्लेअर आधीपासूनच थकत होता, खराब सीडीनं ते फक्त लवकर दाखवलं.

चऱ्यांवर भिंगाला थोडी जास्त धावपळ करावी लागते, हे खरं. ते बारीक तारेच्या वेटोळ्यांनी वरखाली आणि आजूबाजूला हलवलं जातं. पण साधी सपाट वाटणारी चकतीही फिरताना किंचित वरखाली होतच असते, त्यामुळे ही हालचाल त्याचं रोजचंच काम आहे.

खरा धोका आहे तो तड्याचा. चकती फिरते तेव्हा तिच्यावर सर्वांत जास्त ताण मधल्या भोकाच्या काठावर येतो, आणि तडे पडतातही तिथेच, कारण डबीच्या घट्ट दातांतून आपण चकती वाकवून ओढतो. गाण्याची सीडी किंवा व्हीसीडी मिनिटाला साधारण २०० ते ५०० फेरे घेते. संगणकातला '५२ एक्स' नावाचा वेगवान सीडी ड्राइव्ह तिला १०,००० फेऱ्यांपर्यंत नेतो, म्हणजे कडेचा वेग ताशी २२५ किलोमीटर. ताण वेगाच्या वर्गानुसार वाढतो. वीसपट वेग म्हणजे चारशेपट ताण. धडधाकट चकती तो सहज सोसते, पण तडा गेलेली ड्राइव्हच्या आत फुटू शकते. मग तुकडे भिंगावर आदळतात, कधी पुढचा दरवाजा फोडून बाहेरही येतात. अशी चकती संगणकात कधीही घालू नका.

चिकटवलेल्या कागदी लेबलचंही तसंच. गाडीतल्या फटीच्या प्लेअरमध्ये उन्हानं गोंद सुटतो, कागदाची कड रबरी रोलरला चिकटते आणि चकती आत अडकून बसते. ओली चकतीही नको. टूथपेस्टनं चरे घासण्याचा उपाय कधी कधी चालतो, कारण तिची बारीक पूड प्लास्टिक थोडं गुळगुळीत करते. पण पेस्ट पूर्ण धुऊन, चकती कोरडी करूनच लावा, नाहीतर थेंब थेट भिंगावर उडतात.

गेल्या दिवाळीत मी सप्तपदीची ती चकती ट्यूबलाइटसमोर धरून भोकाचा काठ बोटानं चाचपला. तडा नव्हता. चरे बहुतेक आडवे, मधून बाहेर गेलेले. जुन्या प्लेअरमध्ये ती लावली, वडील शेजारी बसून होते. तिसऱ्या पावलापाशी चित्र चौकोनांत विस्कटलं, आवाज तुटला, आणि पाचव्या पावलाला बहीण पुन्हा स्पष्ट दिसू लागली. त्याच संध्याकाळी तिन्ही चकत्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या.