हॉटेलातलं इंग्रजी आणि आपलं ग्वाल्हेर: थोडी पार्श्वभूमी

बारावीचे पेपर संपले की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ओळखीच्या दोन-तीन घरांतून मला फोन येतोच, की काकू, पोराला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय, मार्क बरे आहेत, पण इंग्रजीत बोलायची वेळ आली की गप्प होतो, काय करायचं? मी बरीच वर्षं घरीच इंग्रजी शिकवते आणि ह्या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी लांबतं, कारण ही अडचण त्या एकट्या पोराची नाहीये, ती आपल्या गावात फार आधीपासून चालत आलीये. म्हणून म्हटलं एकदा सगळं सलग लिहून काढावं.

माझं म्हणणं असं आहे की ग्वाल्हेरात इंग्रजी दोन वेगवेगळ्या दारांनी आलं. एक कागदावरचं आणि एक तोंडावरचं. दोन्ही शिकणारी माणसं वेगळी होती आणि त्यांची कधी गाठच पडली नाही.

आधी तोंडावरचं बघू. 1844 नंतर आपल्या शेजारच्या मुरारला इंग्रजांची छावणी बसली, 1858 मध्ये किल्लाही त्यांच्याकडे गेला, आणि 1886 साली झाशीच्या बदल्यात किल्ला आणि मुरार परत शिंद्यांना मिळालं. म्हणजे चाळीसेक वर्षं साहेब लोक आपल्या शेजारी राहत होते आणि साहेब आला की खानसामा, बेअरा, आया, धोबी आलेच. ही माणसं कुठल्याही शाळेत इंग्रजी शिकत नव्हती, कानावर पडेल ते उचलायची आणि कामाला लागायची. देशभर छावण्यांमधून हेच चाललं होतं, आणि मद्रासकडच्या अशा नोकरांच्या बोलीला तर इंग्रजांनी बटलर इंग्लिश असं नावच देऊन टाकलं. त्याच 1886 साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन ह्या कोशात तिचे नमुने आहेत. ‘आय टेलिंग’ म्हणजे मी सांगेन, ‘आय डन टेल’ म्हणजे मी सांगितलं, आणि ‘फॅमिली’ म्हणजे बायको! लोक हे वाचून हसतात, मला मात्र त्या माणसांबद्दल आदर वाटतो. व्याकरणाचं पुस्तक हातात न घेता त्यांनी भूतकाळ, भविष्यकाळ आपला आपण लावून घेतला आणि त्यावर घर चालवलं. आपल्याकडे पाहुण्यांच्या सेवेतलं पहिलं बोलतं इंग्रजी हे असं आलं.

मग राजवाडा. जयविलास 1874 साली उभा राहिला, जयाजीराव महाराजांनी मायकेल फिलोज ह्यांच्याकडून बांधून घेतला, आणि दोनच वर्षांत इंग्लंडचे युवराज पाहुणे म्हणून आले. पुढे माधवराव महाराजांच्या काळात जेवणाच्या लांब टेबलावर ती प्रसिद्ध चांदीची छोटी आगगाडी फिरायला लागली, सिगार आणि ब्रँडी पाहुण्यासमोर आणून उभी करणारी. म्युझियम बघायला गेलेलं प्रत्येक मूल त्या गाडीपाशी थांबतंच. मी मुलांना सांगते, गाडी बघा पण त्या टेबलामागे उभ्या असलेल्या माणसांचाही विचार करा, एका बाजूला आपल्याकडचे मानकरी, दुसऱ्या बाजूला साहेब, आणि कुणाला काय, कधी, कुठल्या हाताने द्यायचं हे सगळं सांभाळणारे लोक. हॉटेलवाले ज्याला आता बँक्वेट सर्व्हिस म्हणतात ती आपल्या गावात तेव्हापासून चालू आहे.

आता कागदावरचं इंग्रजी. 1846 साली लष्कर मदरसा सुरू झाली, तिचंच पुढे व्हिक्टोरिया कॉलेज झालं, म्हणजे आताचं महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज, जिथे अटलजी शिकले. 1897 साली सरदारांच्या मुलांची शाळा निघाली, आजची किल्ल्यावरची सिंधिया स्कूल. आपली मराठी घरं बहुतेक दरबारच्या नोकरीतली, म्हणून आपल्याला हवं होतं ते इंग्रजी अर्ज लिहिण्याचं, हिशेब ठेवण्याचं, कायदा वाचण्याचं. ते आपण उत्तम शिकलो. माझ्या आजोबांचं इंग्रजी अक्षर मोत्यासारखं होतं, पण त्यांना कुणाशी इंग्रजीत बोलताना मी कधी ऐकलं नाही. आणि वाढप्याचं काम, खानसाम्याचं काम ‘आपलं’ नाही ही समजूत घरात पक्की होती, त्यामुळे त्या कामासोबत आलेलं बोलणंही आपलं झालं नाही. आमच्या वेळी सरकारी शाळेत इंग्रजी सहावीपासून सुरू व्हायचं, धडा वाचा, शब्दार्थ लिहा, प्रश्नोत्तरं पाठ करा, वर्षभरात तोंड उघडायची वेळ यायची ती फक्त हजेरीला ‘प्रेझेंट मॅडम’ म्हणताना.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. हॉटेलचं काम शिकवता येतं, त्याची डिग्री-डिप्लोमा असू शकतो, हा विचार आपल्याकडे तसा नवाच. 1954 साली मुंबईत लीलावती मुन्शी ह्यांच्या पुढाकाराने केटरिंगची पहिली इन्स्टिट्यूट निघाली, मागोमाग दिल्ली, कलकत्ता, मद्रास. 1956 साली युनेस्कोच्या परिषदेसाठी दिल्लीत अशोक हॉटेल उभं केलं, 1966 मध्ये आयटीडीसी, म्हणजे सरकारी पर्यटन महामंडळ, आलं, 1982 साली ह्या सगळ्या इन्स्टिट्यूटांवर एक नॅशनल काउन्सिल बसली. आणि 1983 साली पर्यटनाचं शिक्षण देणारी आयआयटीटीएम दिल्लीत सुरू झाली ती पुढे आपल्या ग्वाल्हेरात आली. ती इथे येण्याआधीच, 1988 च्या जुलैमध्ये, दिल्लीहून आपल्या बाजूला येणारी शताब्दी रेल्वे सुरू झाली होती, देशातली पहिली शताब्दी, त्यामुळे आग्रा, ग्वाल्हेर, मग झाशीवरून ओरछा-खजुराहो अशी वाट परदेशी पाहुण्यांना सोपी झाली. आज हॉटेल मॅनेजमेंट शिकवणारी आयएचएम पण आहे, आयआयटीटीएम पण आहे, दोन्ही एकाच गावात असणं ही साधी गोष्ट नाही, आणि तरी आपल्या कितीतरी पोरांना त्या आपल्यासाठी आहेत असं वाटतच नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रवेश परीक्षा पाहिली की इंग्रजीचं वजन कळतं. नॅशनल काउन्सिलच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या जेईईत बरीच वर्षं 200 प्रश्न असायचे, त्यातले 60 एकट्या इंग्रजीचे, गणित, रीझनिंग आणि जीके प्रत्येकी 30, बाकीचे 50 सेवेच्या कामाकडे कल आहे का हे बघणारे. आता हे इंग्रजीचे प्रश्न आपल्या पोरांना तितकेसे जड जात नाहीत, कारण ते कागदावरचं इंग्रजी आहे, आपल्या आजोबांचं. अडतं ते त्यानंतर, फ्रंट ऑफिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताच्या काउंटरवरच्या, प्रॅक्टिकलला, ट्रेनिंगला, इंटरव्ह्यूला.

आणि का अडतं ते सांगते, कारण हे मला फार उशिरा कळलं. आपल्या मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘बसा, पाणी घ्या’ म्हटलं की झालं, त्या ‘बसा’मध्ये आणि ‘घ्या’मध्ये सगळा मान आला, वेगळं काही जोडायला लागत नाही. कृपया हा शब्द आपण बोलत नाही, तो पाट्यांवर असतो. इंग्रजीत तू-तुम्ही काही नाही, सगळ्यांना एकच यू, मग तिथे आदर ठेवायचा कुठे, तर वुड, कुड, मे ह्या छोट्या शब्दांत. आमच्याकडचा मुलगा अतिशय अदबीने, अगदी किंचित वाकून, म्हणतो ‘सर, सिट. टेक वॉटर.’ मनात तो ‘बसा’च म्हणत असतो, पण समोरच्याला हुकूम ऐकू येतो. त्याला वाटतं आपलं व्याकरण चुकलं, आणि तो पुढच्या वेळी बोलतच नाही. व्याकरण चुकलेलंच नसतं! ‘मी बघतो’ ह्याचंही तेच, आपल्याकडे तो दिलासा आहे, पण ‘आय विल सी’ म्हटलं की पाहुण्याला वाटतं टाळतोय, तिथे ‘लेट मी चेक फॉर यू’ लागतं. फोनवर ‘कोण बोलतंय’ आपल्याला साधं वाटतं, पण तेच जसंच्या तसं इंग्रजीत विचारलं तर उद्धट होतं. 1960 च्या सुमाराला इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जगातच हा विचार जोर धरायला लागला की इंजिनिअर, नर्स, वेटर, प्रत्येकाला लागणारं इंग्रजी वेगळं असतं आणि ते वेगळंच शिकवलं पाहिजे. आपल्या शाळांपर्यंत तो विचार अजून नीट आलेला नाही.

भरीला किचनमध्ये गेलं की इंग्रजीही संपतं आणि फ्रेंच सुरू होतं. आ ला कार्त (मेनूतून एकेक पदार्थ मागवणं), ताब्ल दोत (ठरलेलं जेवण), मीझ आँ प्लास (कामाआधीची मांडामांड). पोरं घाबरतात. ह्याचं कारण असं की 1890 साली एस्कॉफिए नावाचा फ्रेंच शेफ आणि सेझार रिट्झ हे दोघं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एकत्र आले, आणि मोठ्या हॉटेलच्या किचनची जी शिस्त त्यांनी लावली ती जगभर गेली, शब्दांसकट. मी सांगते, अरे, हे शब्द इंग्रजाच्या पोरालाही पाठच करावे लागतात, इथे तू आणि तो एकाच बाकावर आहात. आणि तिकिटाच्या कामाला गेलात तर अल्फा, ब्राव्हो, चार्ली करत स्पेलिंग सांगणं, फिफ्टीन आणि फिफ्टी स्वच्छ वेगळं म्हणणं, हे तर नुसत्या सवयीने येतं.

तोंडावरच्या इंग्रजीची परंपरा आजही बघायची असेल तर किल्ल्यावर जा. चतुर्भुज मंदिरात इसवी सन 876 चा शिलालेख आहे, त्यात 270 हात लांबीच्या बागेचा आणि रोजच्या 50 माळांचा उल्लेख आहे, आणि त्या आकड्यांतलं शून्य बघायला जगभरातून लोक येतात. एक बुजुर्ग गाइड ते पाहुण्यांना इंग्रजीत समजावताना मी ऐकलंय, वाक्यं मोडकी, पण बोट बरोबर त्या शून्यावर आणि पाहुणे खिळलेले. माझ्याकडचा फर्स्ट क्लासवाला विद्यार्थी माझ्या शेजारी उभा होता, त्याला प्रत्येक वाक्यातली चूक कळत होती पण त्यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून आलं नसतं.

माझ्याकडच्याच एका मुलाला इंटरव्ह्यूत ‘तुझं इंग्रजी हिंदी मीडियमचं आहे’ असं तोंडावर सांगून परत पाठवलं होतं. महिनाभर तो क्लासला आला नाही. मग आला तेव्हा पुस्तकं बंद केली आम्ही. मी बॅग घेऊन दारात उभी राहायची, कधी थकलेली पाहुणी, कधी चिडलेली, कधी ट्रेन चुकलेली, आणि त्याने मला आत घ्यायचं. तीन महिने रोज हेच. आता तो गोव्याला एका हॉटेलात एफ अँड बी सर्व्हिसला, म्हणजे पाहुण्यांना खाणंपिणं वाढण्याच्या कामाला, आहे. गेल्या दिवाळीत रात्री उशिरा त्याचा फोन आला, म्हणाला, काकू, माझी आजी पंगतीत म्हणते ना, ‘आणखी थोडं घ्या, पानात काहीच नाहीये तुमच्या’, ते इंग्रजीत कसं म्हणायचं? मी म्हटलं, ‘मे आय सर्व्ह यू अ लिटल मोअर?’ तो थोडा थांबला आणि म्हणाला, बरोबर आहे, पण आजीसारखं नाही वाटत. मग आम्ही दोघं अर्धा तास तेच शोधत बसलो.